पेशीबाहेरचे एटीपी: पटायला साठ वर्षे लागलेली गोष्ट

१९२९ साली केंब्रिजमध्ये ॲलन ड्रुरी आणि अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी हृदयाच्या स्नायूचा अर्क प्राण्यांच्या शिरेत टोचला. ठोके मंदावले, रक्तदाब उतरला, हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या रुंदावल्या. अर्कातला कारक घटक ॲडेनिलिक आम्ल, म्हणजे प्युरिन गटातला होता. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनी आणि हार्वर्डमध्ये सायरस फिस्क व आपल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी स्नायूतून एटीपी (ॲडेनोसिन ट्रायफॉस्फेट, हेही प्युरिन गटातलेच) वेगळे केले. हा दुसरा शोध इतका मोठा ठरला की पहिला मागे पडला. एटीपी पेशीला ऊर्जा पुरवते. इतके मोलाचे द्रव्य पेशी नुसता संदेश देण्यासाठी बाहेर कशाला टाकेल?

१९५९ मध्ये पामेला होल्टन यांनी सशाच्या कानातली संवेदी चेता (मज्जातंतू) उत्तेजित केल्यावर एटीपी बाहेर पडते हे दाखवले, तरी मत फारसे बदलले नाही.

कलाटणी मेलबर्नमध्ये मिळाली. जेफ्री बर्नस्टॉक आणि सहकारी गिनीपिगच्या मोठ्या आतड्यावरील स्नायूपट्टी वापरत होते. चेता स्नायूला संदेश देतात ती दोन रसायने तेव्हा माहीत होती. ॲट्रोपिनने त्यातल्या ॲसिटिलकोलिनचा मार्ग बंद केला, ब्रेटिलियमने नॉरॲड्रेनॅलिनचा. आता विजेचा झटका थेट स्नायूवर जाऊन तो आकुंचन पावेल अशी अपेक्षा होती. झाले उलटेच: स्नायूपेशीच्या पटलावरचा विद्युतदाब आणखी ऋण झाला आणि स्नायू सैलावला. चेतांचे संदेश थांबवणारे टेट्रोडोटॉक्सिन हे विष देताच हा परिणाम नाहीसा झाला, म्हणजे तो चेतेतूनच येत होता. तिसरे रसायन शोधता शोधता १९७० मध्ये बोट एटीपीकडे वळले. १९७२ मध्ये बर्नस्टॉक यांनी ‘प्युरिनर्जिक चेता’ (एटीपीने संदेश देणाऱ्या चेता) ही संकल्पना मांडली आणि तिची बरीच थट्टा झाली.

विरोधकांचे सगळेच आक्षेप पूर्वग्रहातून आलेले नव्हते. पहिली अडचण मापनाची. पेशीच्या आत एटीपीचे प्रमाण सुमारे ५ मिलिमोलर, बाहेर काही नॅनोमोलर (नॅनोमोलर म्हणजे मिलिमोलरचा दहा लाखावा भाग). १ मिलिलिटर द्रवात १० लाख पेशी आहेत आणि प्रत्येकीचे आकारमान २ पिकोलिटर आहे असे धरा. त्यातल्या फक्त १ टक्का फुटल्या तरी बाहेरचे प्रमाण १०० नॅनोमोलरवर जाते, आणि ते ‘स्राव’ म्हणून नोंदले जाते. नुसता द्रव बदलण्याच्या धक्क्यानेही पेशी एटीपी सोडतात. म्हणून नमुना घेण्याआधी पेशींना विसावू द्यावे लागते, फुटलेल्या पेशी एलडीएच (पेशी फुटल्यावर बाहेर येणारे विकर, म्हणजे एन्झाइम) मोजून तपासाव्या लागतात, आणि एटीपी मोजण्यासाठी वापरतात त्या काजव्याच्या ल्युसिफरेजची (एटीपी मिळाल्यावर प्रकाश देणारे विकर) प्रमाण-रेषा त्याच द्रवात काढावी लागते, कारण क्षार आणि पीएच बदलले की प्रकाशही बदलतो.

दुसरी अडचण विघटनाची. पेशीच्या पृष्ठभागावरचे सीडी३९ हे विकर एटीपीचे फॉस्फेट तोडून एएमपी करते आणि सीडी७३ त्याचे ॲडेनोसिन. टाकले एटीपी, दिसला ॲडेनोसिनचा परिणाम, असा घोळ सतत होई. १९७८ मध्ये बर्नस्टॉक यांनी रिसेप्टरचे (रसायनाचा संदेश घेणाऱ्या पेशीवरच्या प्रथिनांचे) दोन गट करून तो बराचसा सोडवला: ॲडेनोसिनचे पी१, एटीपी आणि एडीपी (एक फॉस्फेट गेलेले एटीपी) यांचे पी२. कॅफीन आणि दम्यावरचे थिओफायलिन पी१ अडवतात, पी२ नाही. हृदयगती अचानक बेफाम वाढते तेव्हा ६ मिलिग्रॅम ॲडेनोसिन शिरेतून झपाट्याने देऊन लगेच सलाइन सोडतात, कारण रक्तात ते काही सेकंदच टिकते. रुग्णाने थिओफायलिन घेतले असेल तर हाच डोस अपुरा पडतो, ॲडेनोसिन पेशींत शिरू न देणारे डायपिरिडामोल चालू असेल तर जास्त होतो.

पी२ साठी मात्र नेमका अवरोधक बराच काळ नव्हताच, आणि माझ्या मते उशिराचे खरे कारण हेच. १९८५ मध्ये बर्नस्टॉक आणि चार्ल्स केनेडी यांनी पी२एक्स आणि पी२वाय हे भेद सुचवले; १९९३-९४ मध्ये जनुके हाती आल्यावर वाद मिटला. पी२एक्स म्हणजे तीन उपघटकांची आयन-वाहिनी, मिलिसेकंदांत उघडणारी. पी२वाय पेशीच्या आतल्या जी-प्रथिनांमार्फत (संदेश पुढे नेणाऱ्या) सावकाश काम करतात. सस्तन प्राण्यांत पी२एक्सचे ७ उपघटक आणि पी२वायचे ८ प्रकार आहेत.

औषधे मात्र सिद्धांतासाठी थांबली नव्हती. रक्ताच्या गुठळ्या रोखणारे क्लोपिडोग्रेल १९९७ पासून अमेरिकेत वापरात होते. ते बिंबाणूंवरच्या (प्लेटलेट) ज्या पी२वाय१२ ला अडवते त्याचे जनुक २००१ मध्ये सापडले. पी२एक्स३ बाबत क्रम उलटा झाला. रिसेप्टर १९९५ मध्ये कळला, आणि चिवट खोकल्यावरचे गेफापिक्संट जपानमध्ये २०२२ साली मंजूर झाले. त्याने अनेकांची चव बिघडते, कारण जिभेच्या चेतांवर पी२एक्स२ आणि पी२एक्स३ यांची मिश्र वाहिनी असते आणि ती या औषधाने बंद पडते. नंतरचे उमेदवार रेणू त्यामुळे ही मिश्र वाहिनी शक्यतो वगळून फक्त पी२एक्स३ अडवतील असे घडवले जात आहेत.