सच्छिद्र सेंद्रिय प्रकाश-उत्प्रेरक : ‘धातुविरहित’ दाव्याची पार्श्वभूमी

प्रकाश-उत्प्रेरक म्हणजे प्रकाश शोषून रासायनिक अभिक्रिया घडवणारा पदार्थ. सच्छिद्र सेंद्रिय उत्प्रेरक हे काम धातूशिवाय करतात, असा दावा अनेकदा केला जातो; तो कितपत खरा, हा इथला प्रश्न. प्रकाशाने पाणी फोडून हायड्रोजन मिळवण्याचा विषय १९७२ पासून टायटॅनियम डायऑक्साइडभोवती फिरत राहिला. १९८५ मध्ये पॉलिपॅराफिनिलीनवर हायड्रोजन मिळाला होता, पण त्या वाटेला फारसे कोणी गेले नाही. २००९ मध्ये कार्बन नायट्राइडने दृश्य प्रकाशात तेच करून दाखवल्यावर सेंद्रिय पदार्थांकडे लक्ष वळले. सेंद्रिय रेणू बंधांनी जोडून बनलेल्या स्फटिकी सच्छिद्र जाळ्या, म्हणजे सीओएफ (कोव्हॅलंट ऑरगॅनिक फ्रेमवर्क), २००५ मध्येच आल्या होत्या. मात्र त्यांचे बोरॉन-ऑक्सिजन बंध पाणी लागताच तुटत, त्यामुळे पाण्यातल्या उत्प्रेरणासाठी त्या निरुपयोगीच.

ही अडचण सुटण्यात पुण्यातल्या संशोधकांचा मोठा वाटा आहे. २०१२ मध्ये तिथे बनलेली लालसर जाळी ९ नॉर्मल, म्हणजे बऱ्याच तीव्र, हायड्रोक्लोरिक आम्लातही टिकली. कृती साधी दिसते: जाळीचे दोन घटक, म्हणजे ६३ मिलिग्रॅम ट्रायफॉर्मिलफ्लोरोग्लुसिनॉल आणि ४८ मिलिग्रॅम पॅराफिनिलीनडायअमाइन; द्रावक म्हणून मेसिटिलीन व डायऑक्सेन प्रत्येकी दीड मिलिलिटर; आणि उत्प्रेरक म्हणून ३ मोलर अ‍ॅसेटिक आम्ल अर्धा मिलिलिटर. नळी द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून, हवा ओढून, वितळू द्यायची, असे तीनदा. मग सील करून १२० अंशांवर तीन दिवस. हवा राहिली तर अमाइनचे ऑक्सिडीकरण होते. नाजूक जाळ्यांच्या बाबतीत घात वाळवताना होतो: छिद्रांतला द्रव उडून जाताना केशाकर्षणाचा ताण भिंती आत ओढतो आणि पृष्ठफळ घसरते. म्हणून आधी पाणी काढून कमी पृष्ठताणाचा द्रावक भरतात किंवा अतिक्रांतिक (द्रव-वायूचा भेद न उरलेल्या) कार्बन डायऑक्साइडने वाळवतात.

खरा वाद मात्र ‘धातुविरहित’ या बिरुदाचा. २००७ पासून आलेली संयुग्मित सूक्ष्मछिद्री बहुवारिके (पॉलिमरच्या सच्छिद्र जाळ्यांचा दुसरा प्रकार) बहुतेक पॅलेडियम या धातूच्या मदतीने जोडली जातात आणि त्याचे नॅनोकण आतच अडकतात. २०१८ मध्ये एका विद्राव्य, सच्छिद्र नसलेल्या बहुवारिकावर पद्धतशीर तपासणी झाली. पॅलेडियम उरलेले नसेल तर हायड्रोजन निघालाच नाही. एक पीपीएमच्याही (दहा लाखांत एक भाग) खालपासून सुमारे शंभर पीपीएमपर्यंत वेग सरळ रेषेत चढला, पुढे मंदावला. म्हणजे उत्प्रेरक नक्की कोण, बहुवारिक की मळ? विद्राव्य बहुवारिक विरघळवून शुद्ध करता येते; सूक्ष्मछिद्री बहुवारिकाची जाळी कशातच विरघळत नाही, तेव्हा धुऊन आतला धातू पुरता निघत नाही. त्यात अनेकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या क्ष-किरण वर्णपटात धातू दिसला नाही एवढ्यावर दावा केला. त्या पद्धतीला साधारण हजार पीपीएमखालचे दिसतच नाही! नमुना आम्लात पूर्ण पचवून आयसीपीवर (धातूचा अत्यल्प अंशही मोजणाऱ्या उपकरणावर) मोजणे हाच भरवशाचा मार्ग.

सीओएफ बहुधा आम्ल-उत्प्रेरित संघननाने बनतात, म्हणून पॅलेडियमचा प्रश्न येत नाही. तरी हायड्रोजनच्या प्रयोगांत त्यांवर वरून प्लॅटिनम चढवतात, अनेकदा वजनाच्या काही टक्के. बरोबर इलेक्ट्रॉन पुरवण्यासाठी घातलेले ट्रायइथेनॉलअमाइन किंवा अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल खर्ची पडते. याला हरित म्हणणे धाडसाचेच. सेंद्रिय ऑक्सिडीकरणांत, जसे सल्फाइडचे सल्फॉक्साइड किंवा बेंझिलअमाइनचे इमीन करणे यांत, हवेतला ऑक्सिजन पुरतो. तिथे दावा जास्त सरळ आहे.

अलीकडे पाणी आणि ऑक्सिजनपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवण्याकडे ओढा आहे. तिथे उरलेला पॅलेडियम किंवा प्लॅटिनम उलट नडतो, कारण तो बनलेले पेरॉक्साइड फोडतो.