आइस पॅकमधला बर्फ कुठून आला?

सहलीच्या डब्यात टाकायचा तो निळा आइस पॅक. आतलं जेल म्हणजे काहीतरी खास थंड रसायन, असा समज बऱ्याच जणांचा असतो. खरं तर त्यात बहुतांशी पाणीच असतं आणि थंडावा मिळतो तो ते गोठलेलं पाणी वितळताना.

बर्फ वितळताना इतका थंडावा का मिळतो, हे कोडं १७६०च्या दशकात जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने उलगडलं. वितळणारा बर्फ उष्णता शोषत राहतो, पण त्याचं तापमान शून्यावरच राहतं. एक ग्रॅम बर्फाचं पाणी व्हायला सुमारे ८० कॅलरी लागतात. तेवढ्या उष्णतेत शून्य अंशाचं पाणी ८० अंशांपर्यंत तापेल!

या गुणावर पुढे मोठा धंदा उभा राहिला. फ्रेडरिक ट्यूडर या अमेरिकन व्यापाऱ्याने १८०६ मध्ये बोस्टनहून कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावर जहाजाने बर्फ पाठवला आणि तोटा खाल्ला. तो चिकाटीचा माणूस. १८३३ मध्ये त्याचा बर्फ चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचला, तेव्हा निम्म्याहून जास्त शाबूत होता.

वितळलेल्या पाण्याचं करायचं काय, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. १९५०च्या दशकात हातात धरून न्यायच्या बर्फपेट्या आल्या, पण सुटा बर्फ टाकला की दुपारपर्यंत सँडविच पाण्यात पोहू लागे. बंद पॅकने नेमकी ही अडचण सोडवली. पाणी आतच राहतं आणि पॅक पुन्हा गोठवता येतो. जेलमधला सेल्युलोजचा किंवा पाणी धरून ठेवणारा पॉलिमर (लांब साखळीसारख्या रेणूंचा पदार्थ) पाणी घट्ट करतो, त्यामुळे पिशवी फाटली तरी ओघळ जात नाही. थंडावा वाढवणं हे त्याचं कामच नव्हे. काही पॅकमध्ये मीठ असतं. ते शून्याच्या खाली गोठतात, म्हणून जास्त गार लागतात. मात्र चिकटून ठेवलेली काकडीही गोठवून टाकतात.

लसीच्या पेट्यांमध्ये हाच धोका फार जपून टाळावा लागतो. काही लसी गोठल्या की निकामी होतात. म्हणून फ्रीजरमधून काढलेला पॅक लगेच पेटीत ठेवत नाहीत. तो थोडा वेळ बाहेर ठेवून कानाशी हलवायचा; आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की समजायचं, बर्फ वितळू लागलाय आणि पॅक शून्यावर आलाय.

डब्यातला पॅकही वरून मऊ लागला म्हणजे संपला असं नाही. दाबून पाहा, आत कडक गोळा लागतोय तोवर त्याचं काम चालू आहे.