रविवारची गोळी

आत्याच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी दर रविवारी लाल पेनाची फुली असायची. तो हाडांच्या गोळीचा वार. अ‍ॅलेंड्रोनेट, 70 मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा. सहा वर्षांपूर्वी न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पाय घसरला, हात टेकला आणि मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्याने हाड मोडतं म्हटल्यावर डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी झाली. तिचा आकडा, टी-स्कोर, उणे 2.8 आला. उणे 2.5 किंवा त्याखाली आला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा धरतात.

गोळीचे नियम सोवळ्यासारखे कडक. उठल्यावर उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. मग अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही आणि आडवंही व्हायचं नाही. आत्या पहिले तीन महिने ती चहाबरोबर घेत होती. "पोटात गेली म्हणजे झालं की!"

झालं नव्हतं. हे औषध कॅल्शियम दिसलं की त्याला चिकटतं. हाडावर जाऊन बसतं ते याच गुणामुळे, आणि चहातल्या दुधाला चिकटून आतड्यातून तसंच बाहेर जातं तेही याच गुणामुळे. नुसत्या पाण्याबरोबर घेतली तरी गोळीतला एक टक्कासुद्धा रक्तात पोचत नाही. म्हणजे 70 मिलिग्रॅममधला जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. त्यातलाही निम्मा लघवीवाटे जातो, उरलेला हाडात. इतक्या थोड्या ऐवजावर चालणारं औषध चहात बुडवणं परवडणारं नाही. ताठ बसायचं कारण वेगळं: गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथलं अस्तर भाजून काढते. 1996 मध्ये अशा रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांतल्या काहींनी पाणी कमी घेतलं होतं किंवा गोळी घेऊन लगेच पाठ टेकली होती, असं दिसलं.

या चिकटपणाची गोष्ट मला फार आवडते, कारण ती नळाच्या पाण्यापासून सुरू होते. बोअरचं पाणी असलेल्या घरात गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, तो कॅल्शियमच्या क्षारांचा. असा थर धरू नये म्हणून कारखान्यांत आणि धुण्याच्या पावडरींत फॉस्फेटची काही संयुगं फार पूर्वीपासून वापरात होती. 1960 च्या दशकात हर्बर्ट फ्लाइश हे स्विस संशोधक एका साध्या प्रश्नामागे लागले. रक्तात आणि लघवीत इतकं कॅल्शियम असताना शरीरभर असा थर का चढत नाही? त्यांना लघवीत पायरोफॉस्फेट हे फॉस्फेटचंच एक संयुग सापडलं. शरीराचं स्वतःचं थररोधक! पण ते औषध म्हणून तोंडावाटे दिलं तर आतड्यातली एन्झाइम्स त्याचे तुकडे करतात. मग त्यांनी तोच सांगाडा घेतला आणि मधल्या ऑक्सिजनच्या जागी कार्बन असलेली संयुगं वापरली. हा सांधा एन्झाइमला तोडता येत नाही. असं बिस्फॉस्फोनेट औषधांचं घराणं जन्माला आलं. आत्याची गोळी त्यातलीच. 1969 मध्ये त्यावरचे शोधनिबंध प्रसिद्ध झाले. अमेरिकेत अ‍ॅलेंड्रोनेटला मान्यता मिळाली ती 1995 मध्ये.

आता हाडात काय होतं ते. हाड म्हणजे भिंतीत चिणलेली वीट नव्हे. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी आम्ल सोडून जुनं हाड विरघळवतात, ऑस्टिओब्लास्ट तो खड्डा भरतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्यातला सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी असा नवा होतो. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन घटतं, खाणाऱ्या पेशींवरचा लगाम सुटतो, आणि खड्डे भरण्यापेक्षा खणले जातात वेगाने. इथे गोळी उपयोगी पडते. ऑस्टिओक्लास्ट हाड खाता खाता त्यावर चिकटलेलं औषधही गिळतं. आत गेल्यावर ते एका एन्झाइमला अडवतं आणि पेशी निकामी होते. हे एन्झाइम कोलेस्टेरॉल तयार होण्याच्याच साखळीतलं आहे. कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी त्याच साखळीत, फक्त थोडी वरच्या कडीवर घाव घालते. म्हणजे ज्यांच्या डबीत दोन्ही गोळ्या आहेत, त्यांच्या शरीरात एकाच वाटेवर दोन नाकी आहेत.

वर्षातून एकदा शिरेतून देतात ते झोलेड्रोनिक अ‍ॅसिड याच घराण्यातलं. तीन वर्षांच्या मोठ्या चाचणीत त्याने मणक्याची फ्रॅक्चर 70 टक्क्यांनी आणि खुब्याची सुमारे 40 टक्क्यांनी कमी केली.

मात्र सलाईन लावण्याआधी डॉक्टर व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम तपासतात, ते उगाच नाही. शरीरात साधारण किलोभर कॅल्शियम असतं, त्यातलं 99 टक्के हाडा-दातांत. पण जीव अडकलेला असतो तो उरलेल्या चिमूटभरात. रक्तात दर 100 मिलिलिटरमागे 8.5 ते 10.5 मिलिग्रॅम हा पट्टा सुटला, तर स्नायूंत गोळे येतात, हृदयाचा ठेका बिघडतो. म्हणून गळ्यात थायरॉइडमागे मसुरीएवढ्या चार ग्रंथी पहारा देतात. रक्तातलं कॅल्शियम घटलं की त्या पॅराथायरॉइड हार्मोन सोडतात आणि हाडातून उचल होते. औषधाने ही उचलच बंद केली आणि डी नसल्याने आतड्यातूनही काही येईना, तर रक्तातलं कॅल्शियम आटणार. उलट कॅन्सरमुळे रक्तात कॅल्शियम भरमसाट वाढलं, तर हेच औषध ते खाली आणायला वापरतात. दुखणं उलटं, औषध एकच.

पॅराथायरॉइड हार्मोनचीही एक गंमत आहे. ते सतत वाढलेलं राहिलं तर हाड झिजतं. पण त्याचाच तुकडा असलेलं टेरिपॅराटाइड रोज एकदा टोचलं, की तेवढ्या थोड्या वेळाच्या लाटेने हाड भरणाऱ्या पेशी कामाला लागतात. इन्सुलिनसारखं पेन, रोज 20 मायक्रोग्रॅम, दीड-दोन वर्षं. महाग आहे, पण मणके एकामागून एक खचत असतील तर त्याचा विचार करावाच लागतो.

डेनोसुमॅबबद्दल मात्र थोडं ठासून सांगतो. सहा महिन्यांनी एक इंजेक्शन. ते ऑस्टिओक्लास्ट तयार व्हायचा निरोपच मध्ये अडवतं. परिणाम उत्तम, पण ते हाडात साठत नाही. 'आता बरं वाटतंय' म्हणून कोणी पुढचं इंजेक्शन टाळलं, तर दबलेल्या पेशी एकदम उसळतात आणि काही जणांचे एकाहून जास्त मणके खचल्याचं दिसलं आहे. थांबायचंच असेल तर डॉक्टर मागोमाग बिस्फॉस्फोनेट सुरू करतात.

बिस्फॉस्फोनेटचं याच्या अगदी उलट. खूप वर्षं घेतली तर क्वचित मांडीचं हाड मधोमध मोडतं किंवा दात काढल्यावर जबड्याची जखम भरत नाही. म्हणून धोका फार नसेल तर पाच वर्षांनी गोळीला सुट्टी देतात. हाडात साठलेलं औषध झिरपत राहतं. ते निम्मं व्हायलाच दहाएक वर्षं लागतात.

आत्याची सुट्टी गेल्या दिवाळीत सुरू झाली. आता रविवारी फुली नाही, उठल्या उठल्या चहा. पण कपाच्या कानात अडकलेल्या त्या बोटांच्या हाडांत जुन्या रविवारांच्या गोळ्या अजून आहेत.