सिम पोर्ट करताय? आधी नंबर कुणाच्या नावावर आहे ते बघा

पोर्ट म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलणं. एकदा पोर्ट केलं की पुढचे ९० दिवस तोच नंबर परत पोर्ट करता येत नाही. म्हणून तुलना आधी, तीही स्वतःच्या जागेवर. ज्या कंपनीत जायचंय तिचं सिम वापरणाऱ्या शेजाऱ्याला फोन घेऊन घरी बोलवा, आतल्या खोलीतून कॉल लावून बघा. नाशिकच्या सातपूर-अंबडला कारखान्यात कामाला असाल तर शेडच्या आत बघा, गेटवर नको. कंपन्यांना आता वेबसाइटवर कव्हरेजचा नकाशा द्यावा लागतो. तोही बघा, पण भरवसा शेजाऱ्याच्या फोनवर ठेवा. भाव काढताना दिवसाचा काढा, कारण २८ दिवसांच्या प्लॅनला वर्षात १३ रिचार्ज होतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना नेट लागत नसेल तर फक्त कॉल-एसएमएसचा प्लॅन मागा. दुकानदार आपणहून क्वचितच सांगतो.

प्रक्रिया सोपी आहे. इंग्रजीत पोर्ट लिहून, जागा सोडून दहा आकडी नंबर टाका आणि १९०० वर एसएमएस पाठवा. पोर्टिंगसाठी लागणारा आठ अक्षरी यूपीसी कोड येतो. तो आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा.

अडतं ते इथे. खूप घरांत आईच्या हातातलं सिम वडिलांच्या नावावर असतं, कधी तर वारलेल्या माणसाच्या. कोड येतो, पण दुकानात आधारवरचं नाव जुळत नाही. अशा वेळी आधी जुन्या कंपनीत नंबर नावावर करून घ्या. माणूस हयात नसेल तर मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा न्या, आणि अजून काही लागतं का ते फोनवर आधीच विचारा. ते काम चालू असेपर्यंत कोड मिळत नाही. आपल्या नावावर कोणते नंबर आहेत हे सरकारच्या संचार साथी पोर्टलवर दिसतं. नोकरीतला नंबर कंपनीच्या नावावर असेल तर कंपनीचं अधिकृत पत्र लागतं.

पोस्टपेडचं मुदत उलटलेलं बिल बाकी असेल तर कोड नाही. सिम हरवून नवं घेतलं असेल तर सात दिवस थांबा. हे कारण लोकांना कुणी नीट समजावत नाही, आणि बिचारे पुन्हापुन्हा एसएमएस करत बसतात.

मुदतींचा घोळ तर नेहमीचाच. कोड चार दिवस चालतो. पोर्टिंगला लागतात तीन दिवस, तेही कामाचे. रविवार, सुट्टी धरू नका. नंबर मुंबई सर्कलचा, म्हणजे मुंबईच्या टेलिकॉम विभागाचा असेल, जसा पूर्वी ठाण्या-मुंबईत घेतलेला, तर कामाचे पाच दिवस, कारण नाशिक महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये येतं. बदल होताना काही तास फोन बंद राहतो, तेव्हा बँकेचं काम त्या दिवशी ठेवू नका. प्रीपेडचा उरलेला बॅलन्स जातो. तो आधी संपवा.

छत्रीखाली बसलेल्या विक्रेत्याने 'अंगठा लागला नाही, परत ठेवा' म्हटलं तर स्क्रीन बघितल्याशिवाय ठेवू नका. असा दुसऱ्यांदा ठेवलेल्या अंगठ्यावर तुमच्या नावाने वेगळं सिम निघाल्याचे प्रकार झालेले आहेत.

मन बदललं तर अर्ज दिल्यापासून २४ तासांच्या आत इंग्रजीत कॅन्सल आणि नंबर लिहून १९०० वर पाठवा. त्यानंतर अर्ज मागे घेता येत नाही.