जुनी नाणी शोधायला कोणता डिटेक्टर? व्हीएलएफ की पल्स इंडक्शन

जमिनीतला धातू शोधणारी ही दोन्ही यंत्रं दुकानात जुळ्या भावंडांसारखी दिसतात. लांब दांडा, खाली ताटलीएवढी कॉइल, वर छोटा डबा आणि हेडफोन. दोन्ही जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडतात आणि धातू लागला की वाजतात. त्यामुळे इकडे इंग्लंडमध्ये नव्याने या छंदाला लागलेले आपले मराठी मित्र मला हमखास विचारतात, ‘पल्सवालं जास्त खोल जातं म्हणे, मग तेच घेतलेलं बरं ना?’

मी काही वर्षं सफोकमधली शेतं पालथी घालतोय, मालकाची रीतसर परवानगी घेऊन. नांगरलेल्या शेतात जुनी नाणी शोधायची असतील तर व्हीएलएफ, म्हणजे ‘व्हेरी लो फ्रिक्वेन्सी’ यंत्र घ्या, असंच मी प्रत्येकाला सांगतो. खोलीचा मोह सोडा. कारण समजून घ्यायचं तर दोन्ही यंत्रं आत काय करतात ते बघायला हवं.

व्हीएलएफ म्हणजे अखंड बोलत राहणारं आणि बोलता बोलताच ऐकणारं यंत्र. त्याच्या कॉइलमध्ये तारेची दोन वेटोळी असतात. एक सेकंदाला काही हजार आवर्तनांची लहर सतत सोडतं, दुसरं परत येणारी लहर टिपतं. धातूतून परतलेली लहर मूळ लहरीच्या थोडी मागे पडते, आणि किती मागे पडते हे धातूवर आणि वस्तूच्या आकारावर ठरतं. लोखंड वेगळं, चांदीचं जाड नाणं वेगळं. या फरकावरूनच यंत्र पडद्यावर आकडा दाखवतं आणि कानात वेगळा सूर देतं.

पल्स इंडक्शनची रीत दरीच्या तोंडाशी उभं राहून हाक मारणाऱ्यासारखी आहे. जोरात हाक द्यायची, गप्प व्हायचं, मग प्रतिध्वनी ऐकायचा. विजेचा एक जोरकस झटका कॉइलमध्ये जातो आणि झटकन बंद होतो. जमिनीतल्या धातूत उठलेले भोवरी प्रवाह, म्हणजे आतल्या आत गोल फिरणारी वीज, विरत जातात, आणि यंत्र तेवढंच ऐकतं. हे सेकंदाला शेकडो-हजारो वेळा चालतं. माती स्वतः जो गोंगाट करते तो बहुतांश आधीच विरलेला असतो, म्हणून लोहमिश्रित जमीन किंवा खारं पाणी या यंत्राला फारसं अडवत नाही. ऑस्ट्रेलियाच्या तांबड्या मातीत सोनं शोधणारे हेच वापरतात, समुद्राच्या ओल्या वाळूतही ते उत्तम. पण समोरचा धातू कोणता, हे त्याला धड सांगता येत नाही. खिळाही वाजतो, नाणंही वाजतं.

आणि इथेच सगळं अडतं. जुनी नाणी पडतात कुठे? माणसं जिथे राहिली, चालली, बाजार भरवला तिथे. आणि माणसं होती तिथे खिळे होते, नाल होते, नांगराचे तुटके फाळ होते. आमच्या एका शेतात जुन्या पायवाटेच्या कडेला कॉइल फिरवली की हातभर जागेत चार-पाच खिळे लागतात. तिथे पल्स यंत्र घेऊन उभे राहिलात तर दिवसभर खिळेच उकराल.

गेल्या शरद ऋतूत, गव्हाची कापणी होऊन नुसती धसकटं उरली होती तेव्हाची गोष्ट. त्याच पायवाटेवर हेडफोनमध्ये खिळ्यांचा भसाडा आवाज चालू होता आणि त्याच्या मधोमध एक बारीक, स्वच्छ ‘टिंग’ आली. मी जागेवरच काटकोनात वळलो आणि पुन्हा कॉइल फिरवली. ‘टिंग’ तशीच. गंजलेल्या चपट्या लोखंडाचा सूरही कधीकधी नाण्यासारखा लागतो, पण दिशा बदलली की तो बहुधा फाटतो. हा फाटला नाही. वीतभर खाली, एका ढेकळात, नखाएवढा पातळ चांदीचा तुकडा निघाला. एक कड गोल, दोन कडा सुरीने कापाव्यात तशा सरळ, आणि त्या कडांलगत क्रुसाच्या रेघा. पेनी या जुन्या इंग्रजी चांदीच्या नाण्याचा चतकोर होता तो. १२४७ पासून पेनीच्या मागे नाण्याच्या कडेपर्यंत पोचणारा लांब क्रूस असायचा, सुटे पैसे हवे असले की लोक त्या रेघेवरून नाणं कापायचे. १२७९ नंतर गोल फार्दिंग, म्हणजे पाव पेनीची नाणी, निघाली आणि ही कापाकापी थांबत गेली. तीन खिळ्यांच्या मधून तो चतकोर वेगळा ऐकू आला, तो व्हीएलएफमुळे.

एवढा लहान तुकडा मात्र पडद्यावर मोठा आकडा दाखवत नाही. चॉकलेटच्या चांदीच्या कागदाच्या आसपासच घुटमळतो. त्यामुळे कचरा नको म्हणून खालचे आकडे सरसकट बंद करू नका. कमी वारंवारिता, म्हणजे लहरीची सेकंदाला कमी आवर्तनं, मोठ्या चांदीच्या नाण्यांना मानवते, जास्त वारंवारिता अशा बारक्या तुकड्यांना. हल्लीची बरी यंत्रं अनेक वारंवारिता एकदम वापरतात. २०१८ मध्ये आलेल्या मिनलॅब इक्विनॉक्सपासून ही सोय बेताच्या किमतीत मिळू लागली. परवडत असेल तर तसंच घ्या, ओल्या वाळूतही ते निभावून नेतं.

आता खोलीचं. इथल्या सौम्य मातीत चांगलं व्हीएलएफ नाण्याएवढी वस्तू वीत-सव्वा वीत खाली ऐकतं. नांगरही साधारण तेवढाच खोल जातो. त्याच्या खालची माती हललेली नसते, आणि तिथे काय आहे, कशाशेजारी आहे, हे वाचणं पुरातत्त्वज्ञांचं काम आहे. १९९२ मध्ये सफोकच्याच हॉक्सनी गावात एरिक लॉज मित्राचा हरवलेला हातोडा शोधत होते. रोमन नाणी आणि चांदीचे चमचे दिसू लागले तसं त्यांनी खणणं थांबवून कळवलं. म्हणूनच हे सारं ज्या पेटीत पुरलं होतं ती कशी भरली होती हेसुद्धा अभ्यासता आलं. सुमारे १५ हजार नाण्यांचा तो साठा आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, हातोड्यासकट. १९९६ च्या ट्रेझर कायद्यानुसार एका जागी ३०० वर्षांहून जुनी सोन्याची वा चांदीची दोन नाणी मिळाली तरी १४ दिवसांत कॉरोनर या चौकशी अधिकाऱ्याला कळवावं लागतं. संरक्षित स्मारकावर तर परवानगीशिवाय डिटेक्टर चालवणंच गुन्हा आहे.

सुट्टीत गावी नेण्यासाठी कोणतं घ्यावं, असंही विचारतात. सह्याद्रीच्या बेसाल्टी मातीत मॅग्नेटाइट भरपूर, तिथे साधं व्हीएलएफ बावचळतं आणि पल्स सरस ठरेल, हे खरं. पण ते घेऊन गडावर जाऊ नका. संरक्षित गडावर परवानगीशिवाय खणता येत नाही, आणि १८७८ च्या भारतीय कायद्याप्रमाणे जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावंच लागतं. पायथ्याशी सापडलेली एक शिवराई कोणत्या थरात, कोणत्या जोत्यालगत होती हे कळलं तर तिचं मोल आहे. खिशात घालून आणली की ती नुसतं तांबं उरते.

खरेदीला जाताना एक गंजका खिळा आणि जुनं चांदीचं थ्रीपेनी नाणं बरोबर न्या. दुकानात विजेच्या तारांचा त्रास होतो, म्हणून यंत्र बाहेर गवतावर चालवायला मागा. खिळा आणि नाणं चार बोटांच्या अंतराने ठेवा आणि कॉइल सावकाश फिरवा. मोठ्या कॉइलखाली दोन्हींचा एकच आवाज आला तर लहान कॉइल लावून बघा. ज्या यंत्रात नाणं खिळ्यापासून वेगळं ऐकू येईल, ते घ्या.