नुसतं चालून भागत नाही

"रोज सकाळी पाच किलोमीटर चालतो, आणखी वेगळा व्यायाम कशाला?" साठी ओलांडलेल्यांच्या गप्पांत हे वाक्य हमखास येतं. चालणं चांगलंच आहे. हृदयाला, रक्तातल्या साखरेला, झोपेला त्याचा फायदा होतो. पण वर्षानुवर्षं नेमाने चालणारी कितीतरी माणसं जमिनीवर मांडी घालून बसली की उठताना अडतात. एक हात फरशीवर टेकवायचा, दुसरा गुडघ्यावर, मग कुणीतरी बखोटीला धरून उठवायचं. मग घरातले म्हणतात, वय झालं. आणि कुणी डंबेल आणायचं म्हटलं की तेच घरातले घाबरतात: या वयात वजनं उचलायची?

होय, या वयातच उचलायची. १९९० साली अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये डॉक्टर मारिया फियातारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका शुश्रूषागृहातल्या दहा वृद्धांना आठ आठवडे वजनांचा व्यायाम दिला. सरासरी वय ९०, सर्वांत थोरल्याचं ९६. व्यायाम एकच: बसून, वजन लावलेला पाय गुडघ्यातून सरळ करायचा. प्रत्येकाला जास्तीत जास्त जेवढं वजन एकदा उचलता येईल, त्याच्या ८० टक्के वजन. आठ-आठ वेळा, तीन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस. नऊ जणांनी तो पुरा केला. मांडीच्या पुढच्या स्नायूंची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट झाली. दोघांची काठी सुटली.

या प्रयोगातला दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. स्कॅन करून मांडीतल्या स्नायूंचं क्षेत्रफळ मोजलं, तेव्हा ते वाढलं होतं जेमतेम ९ टक्के. स्नायू ९ टक्क्यांनी वाढला आणि ताकद १७४ टक्क्यांनी? थोडा वाटा हालचाल अंगवळणी पडण्याचा, हे खरं. पण मोठा वाटा मज्जासंस्थेचा आहे. स्नायूत बळ शिल्लक होतं, ते कामाला लावलं जात नव्हतं.

हे नीट कळायला मज्जारज्जूपर्यंत जावं लागेल. तिथली एक चेतापेशी स्नायूतल्या अनेक तंतूंना हुकूम देते. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत एका पेशीच्या हाताखाली मोजके तंतू असतात, पोटरीत हजाराच्या वर. पेशी आणि तिचे तंतू मिळून एक तुकडी. हुकूम आला की तुकडीतले सगळे तंतू आकसतात, अर्धेमुर्धे कधीच नाही. त्यामुळे कमी-जास्त जोर लावायचा तर दोनच वाटा उरतात: हुकूम किती भराभर पाठवायचे आणि किती तुकड्या बोलवायच्या. लहान तुकड्यांचे तंतू सावकाश आकसतात आणि सहसा दमत नाहीत. मोठ्या तुकड्यांचे तंतू जाड, झटपट आकसणारे, भरपूर जोर देणारे आणि लवकर थकणारे.

मग आधी कुणाला बोलवायचं? हार्वर्डमधल्या एलवूड हेनेमन यांनी १९५७ मध्ये आणि पुढे १९६५ मध्ये याचा माग काढला. मांजराच्या पोटरीचा स्नायू हळूहळू ताणत त्यांनी मज्जारज्जूतून बाहेर पडणाऱ्या चेतातंतूंमधले विद्युत संकेत टिपले. ताण थोडा असताना कागदावर बुटके ठोके उमटायचे. ते लहान पेशींचे. ताण वाढला की त्यांत उंच ठोके मिसळायचे, मोठ्या पेशींचे. ताण सोडत गेलं की उंच ठोके आधी बंद व्हायचे आणि बुटके शेवटी. येताना लहान आधी, जाताना मोठे आधी.

हा क्रम ठरवायला मेंदूत कुणी मुकादम बसलेला नाही. दहावीत शिकलेला ओहमचा नियम पुरतो: विद्युतदाब म्हणजे प्रवाह गुणिले रोध. लहान पेशीचा पृष्ठभाग कमी, त्यामुळे आवरणातून प्रवाह निसटायला वाटाही कमी, म्हणून तिचा रोध जास्त. दोन्ही पेशींना सारखाच प्रवाह मिळाला तरी लहान पेशीतला दाब जास्त वाढतो. शांत पेशीत आत-बाहेर सुमारे उणे ७० मिलिव्होल्टचा फरक असतो. तो उणे ५५ च्या आसपास आला की पेशी हुकूम सोडते. लहान पेशी तिथे आधी पोचते. मोठीला पोचायला प्रवाह वाढावा लागतो, म्हणजे जोर लावायची गरज खरोखर वाढावी लागते. इतकी मोठी व्यवस्था एका साध्या गुणाकारावर उभी आहे, हे मला फार सुंदर वाटतं.

आता सपाट रस्त्यावरचं चालणं घ्या. त्याचं काम लहान आणि मधल्या तुकड्यांत भागतं. मोठ्या तुकड्यांना बोलावणंच जात नाही, तुम्ही पाच किलोमीटर चाला की आठ. जे तंतू वर्षानुवर्षं वापरले जात नाहीत ते बारीक होत जातात. त्यात साठीनंतर मज्जारज्जूतल्या चेतापेशी मरू लागतात आणि मोठ्या पेशी जास्त मरतात. त्यांच्या पोरक्या तंतूंकडे शेजारच्या पेशी नव्या फांद्या फोडतात आणि त्यांना सांभाळून घेतात. पण सांभाळणाऱ्या बहुतेक पेशी सावकाश जातीच्या, म्हणून तंतूही सावकाश होतो. ज्यांना कुणी मिळत नाही ते नाहीसे होतात. ओल्या फरशीवर पाय घसरला की पुढचं पाऊल सेकंदाच्या काही दशांशात टाकावं लागतं, आणि तिथे झटपट तंतूच हवे असतात. मेलेली पेशी व्यायामाने परत येत नाही. पण उरलेल्या मोठ्या तुकड्यांना कामाला लावता येतं आणि त्यांचे तंतू पुन्हा जाड होतात.

या व्यायामाला पर्याय म्हणून शिलाजीत, 'बळ देणारी' तेलं आणि पावडरीचे डबे विकले जातात. वरून तेल चोळून तंतू जाड होत नाही. फियातारोन यांच्याच गटाने १९९४ मध्ये शंभर वृद्धांवर मोठा प्रयोग केला. त्यात काहींना व्यायामाशिवाय फक्त पूरक आहार दिला होता. त्यांच्या स्नायूंत बळ आलं नाही. प्रथिनं मात्र हवीतच. उतारवयात वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम, असं बरेच तज्ज्ञ सांगतात. साठ किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. वाटीभर वरणातून पाच-सात ग्रॅमच मिळतात, त्यामुळे दूध, दही, उसळी, पनीर, अंडी, मासे यांतलं जे घरात चालतं ते प्रत्येक जेवणात असू द्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.

जिममध्येच जायला हवं असं नाही. हलकं वजनही दमेपर्यंत उचललं, तर लहान तुकड्या थकल्यावर मोठ्यांना यावंच लागतं. भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीवर बसा, हात छातीशी घ्या आणि उठा-बसा. उठताना झटकन, बसताना सावकाश. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत. सोपं वाटू लागलं की हातात पाण्याची भरलेली बाटली घ्या, मग पिशवीत तांदूळ. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरे. जोर लावताना श्वास कोंडू नका, रक्तदाब चढतो. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा ठिसूळ हाडं असतील तर आधी तपासून घ्या. गुडघेदुखीवाल्यांना मांडीचे स्नायू बळकट करायला डॉक्टर स्वतःच सांगतात, फक्त भार हळूहळू वाढवायचा.

आजारपणात मात्र सावध राहा. सरासरी सदुसष्ट वर्षांच्या धडधाकट माणसांना एका प्रयोगात दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तेव्हा पायांतलं जवळजवळ एक किलो चरबीविरहित वस्तुमान, म्हणजे मुख्यतः स्नायू, गेलं. म्हणून घरातलं म्हातारं माणूस दवाखान्यात असेल, तर त्यांना पलंगावरून कधी उठवायचं आणि खुर्चीचा व्यायाम कधी सुरू करायचा, हे पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारून ठेवा.