साइनिंग डेच्या यादीतली खालची नावं
अमेरिकी कॉलेज फुटबॉलमध्ये खेळाडू दुर्लक्षित का राहतात, याची पार्श्वभूमी

डिसेंबरच्या सुरुवातीला अमेरिकेतली कॉलेजं पुढच्या मोसमासाठी करारबद्ध केलेल्या शाळकरी फुटबॉलपटूंची यादी जाहीर करतात. (फुटबॉल म्हणजे इथे हेल्मेट-पॅडवाला अमेरिकी फुटबॉल.) मोठ्या कॉलेजच्या यादीत साधारण वीस-पंचवीस नावं असतात. त्यातल्या वरच्या चार-पाच नावांवर दिवसभर चर्चा झडते आणि खालची सात-आठ नुसती वाचून सोडून दिली जातात. चार वर्षांनी एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेज खेळाडूंच्या निवडीच्या फेऱ्यांत, त्या खालच्यांपैकी कुणाचं तरी नाव पुकारलं जातं, मग ‘हा कसा काय सुटला?’ असा प्रश्न पडतो. उत्तर बहुतेक वेळा प्रशिक्षकाच्या नजरेत सापडत नाही. ते जागांच्या कोट्यात आणि वेळापत्रकात असतं. कोटा किंवा तारीख बदलली की कोण सुटणार तेही बदलतं, आणि गेल्या साठ वर्षांत दोन्ही अनेकदा बदललेली आहेत.

आधी ताऱ्यांचा हिशेब. टॉम लेमिंगसारखे लोक १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून गाडीने राज्याराज्यांत हिंडून खेळाडू पाहायचे आणि छापील अंकात त्यांची क्रमवारी द्यायचे. १९९८ मध्ये रायव्हल्स आणि २०१० मध्ये २४७स्पोर्ट्स या खेळाडूंना गुण देणाऱ्या वेबसाइट सुरू झाल्या आणि एक ते पाच तारे ही भाषा घराघरांत पोचली. २४७स्पोर्ट्स दरवर्षी साधारण ३२ खेळाडूंनाच पाच तारे देतं, कारण एनएफएल ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत निवडी ३२ असतात. म्हणजे पाचवा तारा गुणांवर मिळतो तितकाच कोट्यावरही मिळतो. चार तारे काहीशे जणांना मिळतात. त्याखाली तीन तारेवाल्यांचा हजाराहून मोठा घोळका असतो आणि त्यात चारशेव्या आणि नऊशेव्या खेळाडूत फरक करण्याइतकं फिल्म (सामन्यांचं चित्रण) कुणी बसून पाहिलेलं नसतं.

संघाची क्रमवारी लावण्याच्या सूत्रानेही या घोळक्याला किंमत उरत नाही. २४७स्पोर्ट्सच्या सूत्रात यादीतल्या सर्वोत्तम खेळाडूचे गुण जवळजवळ पूर्ण धरतात आणि पुढच्या प्रत्येकाचा भार घंटेच्या आकाराच्या वक्राप्रमाणे घटत जातो. विसाव्या-बाविसाव्या नावापर्यंत येता येता तो नगण्य होतो. रायव्हल्सची जुनी पद्धत तर वरचे वीसच मोजायची. एकविसावा खेळाडू कितीही चांगला असला तरी संघाच्या खात्यात शून्य. चाहते याच क्रमवारीवर प्रशिक्षकाचं माप काढतात, त्यामुळे खालच्या नावांवर बोलण्यात कुणालाच रस नसतो.

तरीही तारे निव्वळ थोतांड आहेत असं म्हणणं चूक आहे. पाच तारेवाल्याची ड्राफ्टमध्ये निवड होण्याची शक्यता तीन तारेवाल्याच्या कित्येक पट असते. फक्त तीन तारेवाले संख्येने इतके जास्त असतात की टक्का कमी असूनही ड्राफ्टच्या यादीत त्यांची गर्दी दिसते. ‘ताऱ्यांना अर्थ नाही’ असं ठासून सांगणारे बहुतेक जण टक्का आणि संख्या यांची गल्लत करतात.

या दुर्लक्षाचा सर्वांत जुना आणि सर्वांत उघड प्रकार वर्णाचा होता. १९६० च्या दशकात दक्षिणेतली मोठी कॉलेजं कृष्णवर्णीय खेळाडूंना घेतच नसत. मिशिगन स्टेटचे प्रशिक्षक डफी डॉर्टी यांनी नेमकं तिथेच लक्ष घातलं. टेक्सासच्या बोमंटमधून बबा स्मिथ, ला पोर्टमधून जीन वॉशिंग्टन आणि साउथ कॅरोलायनातून जॉर्ज वेबस्टर त्यांच्याकडे आले. १९६७ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या आठ निवडींपैकी चार मिशिगन स्टेटच्या होत्या आणि त्यातले तिघे हेच. त्याच वर्षी केंटकीचा नेट नॉर्थिंग्टन साउथईस्टर्न कॉन्फरन्स या दक्षिणेतल्या मोठ्या कॉलेजांच्या गटाच्या सामन्यात खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला आणि त्यानंतर दारं हळूहळू उघडली. हळूहळूच, कारण १९८५ च्या ड्राफ्टमध्ये सोळाव्या क्रमांकावर निवडलेला जेरी राइस मिसिसिपी व्हॅली स्टेट या छोट्या, ऐतिहासिकदृष्ट्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजातून आला होता.

दुसरा प्रकार जागांच्या मर्यादेतून आला. १९७३ पर्यंत शिष्यवृत्त्यांना देशपातळीवर मर्यादा नव्हती. श्रीमंत कॉलेजं गरज नसलेले खेळाडूही करारबद्ध करून ठेवत, निदान प्रतिस्पर्ध्याला तरी मिळू नयेत म्हणून. त्या काळात अनेक जण मोठ्या संघाच्या बाकावर बसूनच चार वर्षं काढत. शिष्यवृत्ती हातात असायची, मैदान मिळायचं नाही. १९७३ मध्ये एनसीएएने (कॉलेज खेळांची देशपातळीवरची नियामक संस्था) एकूण १०५ आणि वर्षाला ३० अशी मर्यादा घातली, १९७८ मध्ये एकूण आकडा ९५ वर आणला आणि १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात ८५ वर. नव्या शिष्यवृत्त्या वर्षाला २५ झाल्या. मोठ्यांनी सोडलेले खेळाडू मधल्या आणि छोट्या कॉलेजांकडे वळले. बॉइसी स्टेट, टीसीयू अशा संघांच्या पुढच्या यशामागे हा बदल मोठा आहे.

पळवाटाही लगेच निघाल्या. काही जणांचे गुण प्रवेशाला पुरणार नाहीत हे धरून प्रशिक्षक जास्त खेळाडूंच्या सह्या घेऊ लागले. २००९ मध्ये ओल मिसचे (मिसिसिपी विद्यापीठ) प्रशिक्षक ह्यूस्टन नट यांनी ३७ जण करारबद्ध केले, तेव्हा साउथईस्टर्न कॉन्फरन्सने आधी २८ ची आणि नंतर २५ ची मर्यादा आणली. या प्रकारात फटका बसायचा तो खालच्या नावांनाच. जागा कमी पडली की ‘तू जानेवारीत ये’ असं त्यांना सांगितलं जायचं. याला ग्रेशर्ट म्हणतात.

शिष्यवृत्तीशिवाय संघात येणाऱ्याला वॉक-ऑन म्हणतात. नेब्रास्काने बॉब डेव्हनी आणि टॉम ऑस्बर्न यांच्या काळात ही पद्धत शिस्तीने राबवली, विस्कॉन्सिन आणि आयोवाने ती पुढे नेली. या राज्यांत लोकवस्ती विरळ, शाळा लहान, त्यामुळे स्थानिक मुलगा फारसा कुणी पाहिलेला नसतो. आयोवाची रीत इथे तपशिलाने पाहण्यासारखी आहे. खेळाडू शाळेच्या संघात मैदानावर कोणत्या जागी खेळतो हे तिथले प्रशिक्षक दुय्यम मानतात. खेळाडूची हाडं किती मोठी आहेत, तो कुस्ती किंवा बास्केटबॉल खेळतो का, पायाची हालचाल कशी आहे हे पाहतात आणि दोन वर्षं वजन वाढवून जागा बदलतात. डॅलस क्लार्क शिष्यवृत्तीशिवाय लाइनबॅकर (बचावातली जागा) म्हणून आला, टाइट एंड (अडवणारा आणि चेंडू झेलणारा आक्रमक) झाला आणि २००३ मध्ये पहिल्या फेरीत निवडला गेला. रॉबर्ट गॅलरी टाइट एंड म्हणून आला, टॅकल (आक्रमणाच्या फळीत अडवणारा) झाला आणि २००४ मध्ये दुसऱ्याच क्रमांकावर गेला. चॅड ग्रीनवे साउथ डकोटाच्या अशा शाळेत खेळला जिथे अकराऐवजी नऊ जणांचा फुटबॉल चालतो. २००६ मध्ये तो सतराव्या क्रमांकावर निवडला गेला. तारे देणारा माणूस खेळाडूला त्याच्या शाळेतल्या जागेवर तोलतो. जागा बदलणार असेल तर ते माप उपयोगाचं नाही. जे. जे. वॉटचंही हेच झालं. दोन ताऱ्यांचा हा टाइट एंड सेंट्रल मिशिगनला गेला, शिष्यवृत्ती सोडून विस्कॉन्सिनमध्ये वॉक-ऑन झाला आणि बचावफळीत खेळून २०११ मध्ये अकराव्या क्रमांकावर निवडला गेला.

आता तारीख. नॅशनल लेटर ऑफ इंटेंट हे करारपत्र १९६४ मध्ये सुरू झालं. खेळाडूने सही केली की बाकीच्या कॉलेजांनी त्याचा पाठलाग थांबवायचा, हा त्याचा मूळ हेतू. पुढे कित्येक वर्षं सह्यांचा दिवस फेब्रुवारीतला पहिला बुधवार होता. शाळेचा शेवटचा मोसम नोव्हेंबर-डिसेंबरात संपायचा आणि प्रशिक्षकांना त्याचं फिल्म पाहायला निदान दोन महिने मिळायचे. उशिरा वाढलेला मुलगा या दोन महिन्यांत नजरेत भरायचा. २० डिसेंबर २०१७ पासून डिसेंबरमध्येही सह्या होऊ लागल्या आणि बहुतांश जागा तिथेच भरू लागल्या. त्याच सुमारास कॉलेजच्या खर्चाने होणाऱ्या अधिकृत भेटींना अकरावीच्या वसंतात, एप्रिलपासून, मुभा मिळाली. परिणामी जून भेटींत जातो आणि जुलै संपेपर्यंत बऱ्याच याद्या जवळजवळ भरतात, म्हणजे शेवटचा मोसम सुरू होण्याआधीच. आपल्याकडच्या अकरावी प्रवेशाच्या पहिल्या फेरीसारखंच हे: चांगल्या जागा तिथेच संपतात, पुढच्या फेऱ्या उरलंसुरलं वाटायला.

जुलैपर्यंत दिसायचं तर उन्हाळी शिबिरांना जावं लागतं. प्रवासाचा खर्च असतो, आणि बेसबॉल किंवा ॲथलेटिक्स खेळणाऱ्याला तेव्हा वेळ नसतो. शिबिरातले आकडेही जपून वाचावे लागतात. ४० यार्डांची धाव हातातल्या घड्याळाने मोजली की वेळ साधारण दोन दशांश सेकंदाने कमी भरते. खेळाडू हलल्यावर मोजणाऱ्याचं बोट दाबलं जातं, पण शेवटची रेघ येताना मोजणारा अंदाजाने आधीच दाबतो. म्हणून हातघड्याळाचा ४.५ आणि इलेक्ट्रॉनिक ४.७ हे बऱ्याचदा एकाच ताकदीचे. जाणकार प्रशिक्षक त्याऐवजी शालेय ॲथलेटिक्समधली १०० मीटरची नोंद आणि गोळाफेकीचं अंतर पाहतात, कारण तिथे पंच असतात. उंचीत शाळा सहज एक-दोन इंच वाढवून सांगतात, म्हणून हाताची लांबी आणि पंजा मोजून घेतात. २००६ मध्ये लिंकन, नेब्रास्का इथे सुरू झालेल्या हडल या व्हिडिओ सेवेमुळे प्रत्येक मुलाचं फिल्म आता एका लिंकवर मिळतं. अडचण अशी की ते निवडक झलकांचं असतं. चुकलेल्या पकडी आणि तिसऱ्या क्वार्टरमधला दमलेला खेळाडू त्यात नसतो. पूर्ण सामना मागवून पाहणाराच खालच्या फळीतून योग्य माणूस उचलतो.

जॉश ॲलनकडे पाहिलं की हे सगळं एकत्र दिसतं. कॅलिफोर्नियातलं फायरबॉ हे शेतीचं छोटं गाव. ॲलन तिथे तीन खेळ खेळायचा, शिबिरांच्या फेऱ्यांत फारसा नव्हता, आणि शाळा सोडताना उंच असला तरी अंगाने बारीक होता. सर्वोच्च श्रेणीच्या एकाही कॉलेजने शिष्यवृत्ती देऊ केली नाही. तो रीडली कॉलेज या दोन वर्षांच्या कॉलेजात एक मोसम खेळला आणि देशभरच्या प्रशिक्षकांना ढिगाने ईमेल पाठवले. शेवटी वायोमिंगने घेतलं. २०१८ मध्ये ड्राफ्टआधीच्या मोजणीत तो जवळजवळ ६ फूट ५ इंच आणि २३७ पौंड, म्हणजे सुमारे १०७ किलो भरला आणि सातव्या क्रमांकावर निवडला गेला. सतराव्या वर्षी त्याला नाकारणाऱ्यांनी जो मुलगा पाहिला, तो तेव्हा खरोखरच असा नव्हता.

कॅम वॉर्डची गोष्ट शरीराची नव्हे, डावपेचांची. टेक्सासच्या त्याच्या शाळेचा संघ विंग-टी खेळायचा, ज्यात चेंडू फेकण्यापेक्षा घेऊन धावणं जास्त. क्वार्टरबॅकचं (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) फेकण्याचं फिल्मच नाही, तर तारे कशावर देणार? इन्कार्नेट वर्ड या छोट्या कॉलेजने त्याला आपल्या शिबिरात फेकताना पाहिलं आणि एकमेव शिष्यवृत्ती दिली. तिथून वॉशिंग्टन स्टेट, मग मायामी आणि २०२५ च्या ड्राफ्टमध्ये पहिला क्रमांक.

कोविडने तर एक अख्खी पिढी नजरेआड केली. मार्च २०२० ते मे २०२१ अखेरपर्यंत प्रशिक्षकांना खेळाडूंना प्रत्यक्ष भेटायलाच बंदी होती. त्यातच आधीच्या खेळाडूंना कॉलेजकडून खेळायला एक वर्ष वाढवून मिळालं, त्यामुळे जागा मोकळ्या झाल्याच नाहीत. मायामी शहरातला फर्नांडो मेंडोसा २०२२ च्या तुकडीतला. आधी त्याने येलला होकार दिला होता, फेब्रुवारीच्या तोंडावर कॅलने (कॅलिफोर्निया विद्यापीठ, बर्कली) जागा दिली. पुढे इंडियानात जाऊन २०२५ ची हाइझमन ट्रॉफी (मोसमातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान) त्याने जिंकली.

ऑक्टोबर २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची यादी, सुरू झालं आणि २०२१ पासून एकदा कॉलेज बदलताना वर्षभर बाहेर बसणं संपलं. तेव्हापासून प्रशिक्षकापुढे पर्याय असतो: शाळेतल्या तीन तारेवाल्याला दोन वर्षं घडवायचं की छोट्या कॉलेजात घडलेला एकवीस वर्षांचा खेळाडू आयता आणायचा? नोकरीची खात्री नसलेला प्रशिक्षक दुसराच पर्याय घेतो, आणि त्याला दोषही देता येत नाही. लेटर ऑफ इंटेंट ऑक्टोबर २०२४ मध्ये रद्द झालं. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या, एनसीएएविरुद्धच्या ‘हाउस’ खटल्यातल्या तडजोडीने शिष्यवृत्त्यांची ८५ ची मर्यादा गेली आणि त्याऐवजी संघाच्या एकूण संख्येवर १०५ ची मर्यादा आली. पूर्वी १२०-१३० जणांचा ताफा ठेवणाऱ्या संघांत ही कात्री सरळ वॉक-ऑनवर चालली. आधीपासून संघात असलेल्यांना सूट मिळाली, नव्याने येणाऱ्यांना नाही. आयोवा-नेब्रास्काची जुनी पद्धत त्यामुळे अरुंद झाली आहे.

त्यामुळे डिसेंबरची यादी वाचताना खालच्या नावांपुढे तारे पाहण्यापेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात. शिष्यवृत्ती कधी देऊ केली: ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिली असेल तर प्रशिक्षकांनी शेवटच्या मोसमाचं फिल्म पाहून निर्णय घेतलाय. आणखी कुणी देऊ केली होती: आयोवा, विस्कॉन्सिन, कॅन्सस स्टेट यांची नावं असतील तर लक्ष द्यावं. आणि कॉलेजात त्याची जागा बदलणार आहे का.

जे या यादीतही नाहीत त्यांचा रस्ता आता दोन वर्षांच्या कॉलेजांतून जातो. डिएगो पाविया न्यू मेक्सिको मिलिटरी इन्स्टिट्यूटमधून न्यू मेक्सिको स्टेटला आणि तिथून व्हँडरबिल्टला गेला. दोन वर्षांच्या कॉलेजातली वर्षं एनसीएएने खेळायला दिलेल्या मर्यादित वर्षांत मोजू नयेत म्हणून त्याने दावा लावला, डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने त्याच्या बाजूने मनाई हुकूम दिला आणि एनसीएएने त्याच्यासारख्या इतरांनाही पुढच्या वर्षासाठी सवलत दिली. वाढून मिळालेल्या त्या मोसमात पाविया हाइझमनच्या मतमोजणीत मेंडोसाच्या खालोखाल दुसरा आला.